घोडं कुठे पेंड खातं? जगाच्या प्रश्नांतून आपला प्रश्न निवडण्याची रीत

डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या एका लहान संस्थेनं एक निर्णय जाहीर केला. 'सेंटर फॉर अप्लाइड रॅशनॅलिटी' हे तिचं नाव; ओळखणारे तिला 'सीफार' म्हणतात. २०१२ पासून ही संस्था साधारण चार दिवसांच्या निवासी कार्यशाळा घेत होती आणि त्यांचा विषय एकच असायचा: नीट विचार कसा करायचा. अंदाज कसा बांधायचा, आपणच आपली फसवणूक करतोय हे कसं ओळखायचं, ठरवलेलं काम हातून का होत नाही ते कसं शोधायचं. येणारा डॉक्टर असो, उद्योजक असो की विद्यार्थी. विचार सुधारला की तो ज्या कामात आहे ते कामही सुधारेल, असा त्यामागचा हिशेब होता. त्या डिसेंबरात सहसंस्थापक ॲना सॅलामन यांनी सांगितलं की इथून पुढे संस्थेचं मुख्य लक्ष कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, सुरक्षिततेवर राहील; म्हणजे फार ताकदवान झालेल्या यंत्रांपासून माणसाला धोका होऊ नये, या कामावर.

बऱ्याच जणांना हे खटकलं. विचार करायला शिकवणाऱ्यांनी कशाचा विचार करायचा तेही ठरवून द्यावं का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. पण मला त्या निर्णयापेक्षा त्यामागची रीत जास्त मोलाची वाटते. जगात प्रश्न हजार आणि आपल्याकडे माणसं दहा, अशा वेळी कशाला हात घालायचा हे ठरवण्याची ती रीत आहे. सीफार, ऑक्सफर्डमध्ये २०११ साली सुरू झालेली, कोणतं काम निवडावं याचा सल्ला देणारी 'एटी थाउजंड अवर्स', न्यूयॉर्कमध्ये २००७ साली सुरू झालेली, देणगी कुठे जास्त कामी येते ते तपासणारी 'गिव्हवेल' अशा संस्थांनी ती एकमेकींच्या चुका दाखवत घडवली. आम्ही दहा-बारा जण पुण्यात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटतो. आमच्या छोट्या अभ्यासगटासाठी मी तीच रीत वापरून पाहिली. जिथे आम्ही अडखळलो तेही इथे लिहिते, कारण तुम्हीही तिथेच अडखळाल.

पहिली पायरी: प्रश्न नको, आधी आपली पुंजी लिहा

बहुतेक गट पहिल्याच बैठकीत विचारतात, 'सगळ्यांत मोठा प्रश्न कोणता?' मग कुणी हवामानबदल म्हणतं, कुणी बेरोजगारी, कुणी पाणी, आणि दोन तासांनी ज्याचा आवाज मोठा त्याचा प्रश्न मोठा ठरतो. ही सुरुवातच चुकीची आहे. आधी एका कागदावर आपल्या हाती काय आहे ते लिहा: पैसा, माणसं, त्यांचे मोकळे तास, कुणाचा शब्द कुठे चालतो, कुणाला काय येतं.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा हा कागद फार लवकर भरतो. तिच्याकडे औषधं नसतात, कायदा करण्याचा अधिकार नसतो, पैसाही बेताचाच. असतो तो कार्यशाळेतून बाहेर पडलेला, पूर्वीपेक्षा थोडा बरा विचार करणारा माणूस. म्हणून तिनं विचारायचा प्रश्न असा: कोणत्या प्रश्नात नेमकी अशा माणसाची उणीव आहे?

आफ्रिकेतल्या मलेरियाच्या मच्छरदाण्या घ्या. मच्छरदाणीनं मुलं वाचतात हे चाचण्यांनी सिद्ध झालंय, वाटप कसं करायचं तेही माहीत आहे. एक जीव वाचवायला काही हजार डॉलर लागतात असा गिव्हवेलचा अंदाज आहे. इथे घोडं पैशापाशी पेंड खातं. आणखी शंभर चांगले विचारवंत तिथे नेऊन बसवले तर मच्छरदाण्यांची संख्या फारशी वाढणार नाही. त्यांनी पगारातला वाटा दिला तर वाढेल.

आता २०१६ मधली एआय सुरक्षितता पाहा. प्रश्न नेमका काय आहे, तो कोणत्या शब्दांत मांडायचा, कोणता धोका खरा आणि कोणता कल्पनेतला, यावरच जाणकारांचं एकमत नव्हतं. काम करणारी माणसं मूठभर होती. इथे घोडं विचारापाशीच अडलं होतं. शिवाय सीफारची स्थापनाच एआयच्या धोक्यावर काम करणाऱ्या एका संस्थेच्या वर्तुळातून झाली होती आणि तिच्या कार्यशाळांना येणाऱ्यांत गणित आणि संगणकवाल्यांचा भरणा असायचा. हाताशी असलेली पुंजी आणि प्रश्नाची अडचण इथे जुळत होती. निर्णय पटो न पटो, हे जुळवून पाहणं योग्यच होतं.

हेच जुळवणं महाराष्ट्रात फार वेगळ्या ठिकाणी नेऊन पोचवतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली सुरू केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती हीसुद्धा विचार करायला शिकवणारीच संघटना. आपण तिला चळवळ म्हणतो, पण तिच्या शिबिरांत चमत्कारामागचं विज्ञान दाखवतात, पुरावा मागायला शिकवतात. ते प्रशिक्षणच आहे. समितीची पुंजी म्हणजे तालुक्या-तालुक्यातले कार्यकर्ते, भगत-मांत्रिकांच्या दारापर्यंत जाण्याची तयारी आणि गावात मिळणारं ऐकून घेणं. त्यातून तिनं जी निवड केली ती विचारपूर्वक होती: देवाधर्माशी भांडण नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे, ते वाचताना मी दर वेळी थांबते: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नातला एक तुकडा या कलमानं उचलला, आणि तो तुकडा असा होता की तिथे प्रतिविष किंवा गाडी यांच्याआधी माणसाचा समज आडवा येत होता.

बर्कली आणि दाभोलकरांचं सातारा यांच्या याद्या वेगळ्या निघाल्या म्हणून दोघांपैकी एक चुकलं असं होत नाही. ही गोष्ट आम्हाला कळायला बरेच महिने गेले.

दुसरी पायरी: यादी करताना प्रश्न बारीक करा

'गरिबी', 'आरोग्य', 'पर्यावरण' ही प्रकरणांची नावं झाली. यादीत असं वाक्य हवं की ज्यावर उद्या सकाळी कुणीतरी काम सुरू करू शकेल: 'दक्षिण आशियातल्या मुलांच्या रक्तातलं शिसं', 'रात्री झोपेत होणारे सर्पदंश', 'प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेल्या जंतूंची साथ'. निदान वीस वाक्यं लिहा.

वर्तमानपत्रातून यादी करू नका. बातमी होते ती नवीन किंवा नाट्यमय गोष्टीची. रोज थोडंथोडं मारणारं काही बातमीत येत नाही. तीन ठिकाणी मुद्दाम डोकावून पाहा. एक, मृत्यू आणि आजारांची आकडेवारी. दोन, ज्यांना बोलता येत नाही असे: लहान मुलं, जनावरं, अजून न जन्मलेल्या पिढ्या. तीन, क्वचित घडणाऱ्या पण घडल्या तर सावरता न येणाऱ्या आपत्ती. या तिसऱ्या कप्प्यावर जगभरच्या विवेक-प्रशिक्षण संस्थांचा जीव जडलेला आहे, कारण कधीच न घडलेल्या गोष्टीचं भय आपल्या मनाला मुळात वाटत नाही.

तिसरी पायरी: तीन प्रश्नांची चाळणी

यादीतल्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारायचे. प्रश्न किती मोठा आहे? तो सुटण्याजोगा आहे का? आणि त्याकडे आधीच किती जणांचं लक्ष आहे? म्हणजे व्याप्ती, सुटण्याजोगेपणा आणि दुर्लक्ष. ऑक्सफर्डचे गणिती ओवेन कॉटन-बॅरट यांनी ही तिन्ही मापं एका गुणाकारात बसवली. मराठीत सांगायचं तर:

प्रश्न एक टक्का सुटला तर किती भलं होईल × त्यावरची साधनं एक टक्क्यानं वाढली तर तो किती टक्के सुटेल × आपल्या एका रुपयानं साधनं किती टक्क्यांनी वाढतील

टक्के टक्क्यांना कापतात आणि हाती उरतं ते 'आपल्या एका रुपयामागे किती भलं'. रुपयाच्या जागी एक माणूस किंवा एक रविवार घाला, गणित तेच. हा गुणाकार मनात ठेवला की तीन मापांपैकी एकच धरून बसायची सवय सुटते.

दुर्लक्ष हे माप लोकांना सर्वांत उशिरा पटतं, म्हणून त्याचा हिशेब करून दाखवते. ज्या कामावर वर्षाला १० लाख रुपये खर्च होतात तिथे आपले १ लाख म्हणजे १० टक्क्यांची वाढ. ज्यावर १०० कोटी खर्च होतात तिथे तेच १ लाख म्हणजे ०.०१ टक्का. शिवाय पहिल्या माणसांनी सोपी फळं तोडलेली असतात. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून अमलात आहे. २०२० साली ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी दाखवून दिलं की त्याची व्यवस्था चार माणसं आणि वर्षाला १४ लाख डॉलर एवढ्यावर चालते. मॅकडोनाल्डच्या एका साधारण शाखेचा खर्चही त्याहून जास्त असतो. असे आकडे शोधून काढणं हेच दुर्लक्ष मोजण्याचं काम.

उलट उदाहरणही हवं. बुलढाण्यातलं लोणारचं विवर ज्यानं काठावर उभं राहून पाहिलंय त्याला आकाशातून दगड पडतात हे पटवावं लागत नाही. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा आहे. पण आमच्या तक्त्यात लघुग्रह खाली गेले, आणि ते बरोबर होतं. अमेरिकी संसदेनं १९९८ साली नासाला पृथ्वीजवळचे किलोमीटरभराहून मोठे लघुग्रह ९० टक्के शोधून काढायला सांगितलं, ते काम झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं यान डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं आणि त्याचा जोडीच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीच्या प्रदक्षिणेचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला. प्रश्न भयंकर आहे, पण त्याच्याकडे बघणारे डोळे आहेत. आपली तिथे निकड नाही.

आता तिन्ही मापांत बसणारं उदाहरण: हळद. बांगलादेशात गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसं का सापडतं याचा माग संशोधकांनी काढला, तेव्हा धागा हळदीपर्यंत गेला. १९८० च्या दशकात पुरामुळे हळद नीट वाळेना, काळी पडू लागली, तेव्हा तिला उठाव यावा म्हणून लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळाधमक रंग चोळण्याची पद्धत पडली आणि ती टिकली. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. मग अन्नसुरक्षा खात्यानं बाजारांत सूचना लावल्या, वर्तमानपत्रांतून इशारे दिले. ढाक्याच्या श्यामबाजारात हातात धरायच्या यंत्रानं जागच्या जागी हळद तपासून भेसळ करणाऱ्यांना दंड केला आणि ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. २०२१ मध्ये नमुने पुन्हा तपासले तेव्हा प्रमाण शून्यावर आलं होतं. दोन वर्षांत.

मी आमच्या बैठकीत हळदीचा पुडा टेबलावर ठेवून हे सांगितलं, तेव्हा सगळे त्या पुड्याकडे बघत राहिले. युनिसेफ आणि प्रदूषणाविरुद्ध काम करणारी 'प्युअर अर्थ' ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात धोक्याच्या पातळीइतकं शिसं आहे आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतात. शिशामुळे मुलांची बुद्धी खुंटते आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. व्याप्ती प्रचंड, सोडवता येतं हे ढाक्यानं दाखवलेलं, आणि तेव्हा गरीब देशांत या कामावर बाहेरून येणारा पैसा वर्षाला दीड कोटी डॉलरच्या आतबाहेर. इतकं लख्ख उदाहरण क्वचित मिळतं.

सुटण्याजोगेपणाबद्दल एकच सांगते: तो कायमचा नसतो. कोकणात विंचूदंशानं माणसं पटापट मरत होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि गंभीर रुग्णांतला तीसेक टक्क्यांचा मृत्युदर अगदी थोड्या टक्क्यांवर आला. त्याआधीच्या वर्षी कुणी तक्ता भरला असता तर विंचूदंशापुढे 'उपाय नाही' असंच लिहिलं असतं. म्हणून या रकान्यात 'आज उपाय आहे का' याच्याबरोबर 'कुणी शोधला तर सापडेल असं वाटतं का' हेही लिहा.

चौथी पायरी: आकडा लिहा, पण आधी एकट्यानं

प्रत्येक मापाला गुण द्या. दहापट फरकाला एक गुण, असा नियम ठेवा. म्हणजे गुणांची नुसती बेरीज केली तरी मूळचा गुणाकार होतो. दोन प्रश्नांत अर्ध्या गुणाचा फरक निघाला तर तो फरक नाही असं समजा. दोन-तीन गुणांचा निघाला तर मात्र डोळेझाक करू नका.

गुण प्रत्येकानं चिठ्ठीवर, न बोलता लिहायचे आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. हे अजिबात टाळू नका. आमच्याकडे पहिल्या वेळी तोंडी गुण दिले. पहिल्या माणसानं 'सात' म्हटलं आणि मग सगळे सहा, सात, आठ. दुसऱ्या वेळी चिठ्ठ्या काढल्या तर त्याच प्रश्नाला दोनपासून नऊपर्यंत गुण निघाले. मतभेद आधीही होताच, फक्त भिडेखातर दबला होता.

ज्या गोष्टी घडलेल्याच नाहीत त्यांना आकडा कसा द्यायचा? ऑर्ड यांनी पुढच्या शंभर वर्षांत मानवजातीचं भवितव्य कायमचं उद्ध्वस्त होण्याची शक्यता सहात एक धरली; त्यात एआयमुळे दहात एक, मुद्दाम घडवलेल्या साथीमुळे तीसात एक, अणुयुद्धामुळे हजारात एक, लघुग्रहामुळे दहा लाखांत एक. ही मोजमापं नव्हेत, एका अभ्यासकाचा अंदाज आहे, आणि त्यांनी स्वतः तो तसाच मांडलाय. तरीही तो उपयोगी आहे, कारण 'एआयचा धोका मोठा आहे' या वाक्याशी भांडता येत नाही, 'दहात एक' याच्याशी येतं. तुम्ही हजारात एक म्हणा. मग आपल्यात शंभरपट अंतर आहे हे दोघांना कळतं आणि ते कशामुळे, हे शोधता येतं.

पाचवी पायरी: मतभेदाची गाठ शोधा

सीफारच्या कार्यशाळांत शिकवलं जाणारं 'डबल क्रक्स' नावाचं तंत्र मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. दोघांचं पटत नाही. तेव्हा प्रत्येकानं स्वतःला विचारायचं: असं काय खोटं ठरलं तर मी माझं मत बदलेन? मग दोघांच्या उत्तरांत सामाईक असलेलं असं विधान शोधायचं की ते एका बाजूनं लागलं तर एक जण मत बदलेल आणि दुसऱ्या बाजूनं लागलं तर दुसरा. ती गाठ. बाकीचा वाद तिथेच सोडून द्यायचा आणि गाठ तपासायची.

आमच्यात एक परिचारिका आहे, ग्रामीण रुग्णालयात काम करणारी, आणि एक निवृत्त अभियंता. ती सर्पदंशासाठी हट्ट धरून होती, ते एआयसाठी.

"काका, माझ्यासमोर माणसं मरतात. तुमचं यंत्र अजून कुणाला चावलं नाही."

"अगं, माणसं मरतात हे मला मान्यच आहे. पण आपण काय करणार तिथं? आपण शिकवणारी माणसं. रुग्ण उशिरा येतो तो गाडी नाही म्हणून. गाडी देणार आहेस का तू?"

"गाडीचं नाही हो काका. आधी भगताकडे नेतात."

इथे मी दोघांना थांबवलं. गाठ सापडली होती: रुग्ण दवाखान्यात उशिरा का पोचतो? गाडीमुळे असेल तर आमच्या गटाचं तिथे काम नाही आणि हे तिलाही मान्य होतं. समजामुळे असेल तर आहे, हे काकांना मान्य होतं. मग पुढचे तीन महिने आम्ही वाद घातला नाही. वरिष्ठांची परवानगी घेऊन तिनं सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांना एक जादा प्रश्न विचारायला सुरुवात केली: चावल्यापासून इथे येईपर्यंत मधे कुठे थांबलात? नाव-गाव न लिहिता उत्तरं एका वहीत.

गाडी मिळाली नाही असं सांगणारे होते, भगताकडे गेलेलेही होते. पण सगळ्यांत हळहळ लावणारं उत्तर आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं: "साप चावला हेच कळलं नाही. रात्री काहीतरी टोचल्यासारखं वाटलं, उंदीर-किडा असेल म्हणून झोपलो." ही मण्यार. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो. दुखत नाही म्हटलं तरी चालेल, सूजही नसते. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, आणि तोवर विष श्वासापर्यंत आलेलं असतं. घरचे पित्त झालं म्हणून ओवा देतात.

काकांनी वही दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे शिकवता येईल." पावसाळ्यात रात्री झोपलेला माणूस पहाटे पोट धरून उठला आणि पापण्या जड झाल्या तर सापाची शंका घ्यायची आणि तडक दवाखाना गाठायचा, शक्य तर खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपायचं. आश्रमशाळेतल्या सातवीच्या मुलीला हे वीस मिनिटांत समजतं आणि ती घरी जाऊन सांगते.

एआयबद्दलचं काकांचं मत बदललं नाही. बदलायचं कारणही नव्हतं. २०२३ च्या मे महिन्यात जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांच्यासारख्या, हे शास्त्र घडवणाऱ्या माणसांनीच एआयपासून मानवजातीला असलेल्या धोक्याला महासाथ आणि अणुयुद्धाच्या रांगेत बसवणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. काका त्यांच्या दोन माजी विद्यार्थ्यांना या विषयाकडे वळवण्याच्या मागे आहेत. त्यांची पुंजी वेगळी, त्यामुळे त्यांची निवडही वेगळी.

सहावी पायरी: निवड दारावर लिहा

आता तो सुरुवातीचा आक्षेप. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेनं प्रश्न निवडला की एक मोठा धोका तयार होतो: शिकवणी हळूहळू भरती होते. 'पुरावा तपासा' म्हणता म्हणता 'आमच्या पुराव्यानं पटवून घ्या' होतं. आलेल्या माणसाला वाटतं की नीट विचार केला तर ठरावीक उत्तरच येतं आणि ज्याला ते येत नाही तो कच्चा. २०१६ च्या घोषणेनंतर सॅलामन यांना लगोलग दुसरा लेख लिहून, तटस्थ राहण्यात लोकांना जे चांगलं दिसत होतं त्याचा विचार मांडावा लागला, तो याचमुळे.

तटस्थता या शब्दाचे इथे दोन अर्थ मिसळतात. एक, 'आम्ही कोणत्याही प्रश्नावर काम करणाऱ्याला सारखीच मदत करू'. दुसरा, 'प्रश्न निवडताना आम्ही आधीपासून कुणाच्या बाजूचे नव्हतो, आणि पुरावा बदलला तर निवड बदलू'. प्रश्न निवडला की पहिली तटस्थता संपते. दुसरी टिकवता येते, टिकवलीच पाहिजे, आणि माझ्या मते तीच खरी.

ती टिकवायची तर निवड लपवू नका. कार्यशाळेच्या पत्रकावर पहिल्या पानावर लिहा: आम्ही अमुक प्रश्न महत्त्वाचा मानतो, कारण ही तीन, आणि हे आमच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही. २०२५ मध्ये एटी थाउजंड अवर्सनंही प्रगत एआयवर जास्त भर देणार असल्याचं जाहीर केलं. काहींना दुःख झालं, पण सल्ला घ्यायला येणाऱ्याला समोरचा कुठे उभा आहे ते आधी कळलं. दुसरं, वर्गात शिकवताना स्वतःच्या प्रश्नाची उदाहरणं वापरू नका. आम्ही अंदाज बांधणं शिकवतो ते एसटीच्या वेळा आणि आंब्याच्या पेटीच्या भावावर. तिसरं, प्रत्येक शिबिरात अर्धा तास असा ठेवा की ज्यात आलेल्यांनी आपल्या निवडीविरुद्ध सर्वांत भक्कम बाजू मांडायची, आणि ती वहीत उतरवायची.

पैशाबद्दल थोडक्यात. देणगीदाराचा आवडता प्रश्न आणि तुमच्या तक्त्यातला पहिला प्रश्न एकच निघाला तर तक्ता दुसऱ्या कुणाकडून पुन्हा भरून घ्या. २०२२ च्या फेब्रुवारीत एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीचा 'फ्यूचर फंड' मोठ्या गाजावाजानं सुरू झाला. दूरच्या भविष्याचे प्रश्न हाताळणाऱ्या कितीतरी संस्थांनी त्याच्या भरवशावर बेत आखले, आणि नोव्हेंबरात कंपनीच बुडाली. संस्थापकाला पुढे फसवणुकीबद्दल २५ वर्षांची शिक्षा झाली. निवड आधी करा, पैसा मागाहून मागा.

सातवी पायरी: पुन्हा बघण्याची तारीख

निवड लिहाल त्याच कागदावर 'काय झालं तर ही निवड बदलू' हेही आजच लिहा. नंतर लिहू म्हटलं की तोवर जीव गुंततो आणि अटी सैल होतात.

शिशाच्या बाबतीत हे डोळ्यांदेखत घडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये युनिसेफ आणि यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेच्या पुढाकारानं शिसेमुक्तीसाठी जागतिक भागीदारी उभी राहिली आणि १५ कोटी डॉलर जाहीर झाले. दुर्लक्षाचा गुण त्या दिवशी एकानं उतरायला हवा होता. २०२५ मध्ये यूएसएडच गुंडाळली गेली. ज्यांच्या तक्त्यावर तारीख होती त्यांनी आकडा दोनदा खोडला. ज्यांच्याकडे नव्हती ते अजून जुन्याच आकड्यावर बोलतात.

आमच्या कागदावर सर्पदंशासमोर दोन अटी आहेत. वहीत 'कळलंच नाही' हे उत्तर दोन पावसाळे कमी झालं नाही, तर आमचं शिकवणं उपयोगाचं नाही, थांबायचं. आणि आरोग्य खात्यानं किंवा दुसऱ्या कुणी हेच काम सगळ्या आश्रमशाळांत सुरू केलं, तर वही त्यांच्या हाती देऊन आपण यादीतला पुढचा प्रश्न घ्यायचा. तक्ता पुन्हा उघडायची तारीख मे महिन्यातला दुसरा रविवार. जूनमध्ये पाऊस लागतो आणि मण्यार घरात यायला लागते, त्याआधी.